बिस्मथ, गॅडोलिनियम आणि तीन कोटेशनं

आमची शाळा नागपूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आहे. अनुदानित, मराठी माध्यम. प्रयोगशाळा म्हणजे दोन कपाटं, एक ओटा आणि नळाला आलं तर पाणी. तिथे आम्ही जुलै २०२४ ते एप्रिल २०२५ या काळात मूलद्रव्यांचा एक संच उभा केला. मिळतील तितकी शुद्ध मूलद्रव्यं जमवायची, एकेक चुंबकासमोर ठेवायचं आणि काय होतं ते मोजून चिठ्ठीवर लिहायचं. ऐकायला सोपं आहे. करताना मोजण्यापेक्षा वस्तू मिळवण्यात, आणि वस्तू मिळवण्यापेक्षा कागद रंगवण्यात जास्त वेळ गेला. कुणाला असं काही करायचं असेल तर उपयोग व्हावा म्हणून क्रमाने लिहितो.

सुरुवात दहावीच्या तासाला झाली. लोखंड, कोबाल्ट, निकेल चुंबकाला चिकटतात, बाकीचे धातू नाही, असं सांगून मी पुढे निघालो होतो. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, बाकीच्यांना कायच होत नाही का?" होतं. बिस्मथ चुंबकापासून दूर ढकललं जातं हे अठराव्या शतकातच कुणाच्या तरी लक्षात आलं होतं, आणि १८४५ मध्ये मायकेल फॅरडेने एकामागून एक पदार्थ तपासून दाखवलं की चुंबकाचा परिणाम जवळपास सगळ्यांवरच होतो. कुणी किंचित ओढलं जातं, कुणी किंचित ढकललं जातं. पोरांना हे तोंडी सांगितलं, पण "दाखवा" म्हटल्यावर माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं.

घरी जाऊन आकडे काढले. पदार्थ चुंबकाला किती दाद देतो याचा जो अंक असतो, म्हणजे चुंबकीय ग्रहणशीलता, तो तांब्यासाठी दहा लाखांत उणे दहाच्या आसपास आहे. अ‍ॅल्युमिनियमचा अधिक एकवीस. बिस्मथचा उणे एकशे सहासष्ट, आणि नेहमीच्या धातूंमध्ये ढकलला जाण्यात त्याचाच नंबर पहिला. उणे म्हणजे ढकललं जाणं, अधिक म्हणजे ओढलं जाणं. लोखंडाचा अंक मात्र एकदम शेकड्या-हजारांत जातो. या एवढ्या फरकातच पुढची सगळी डोकेदुखी दडलेली होती. घनसेंटिमीटरभर तांब्यात मिठाच्या कणाहूनही बारीक असा लोखंडाचा एक कण अडकला, तर तांब्याचा सगळा प्रतिसाद पुसला जाऊन ते ओढलं जातंय असं दिसेल. आकारमानाने दहा लाखांत तीन भाग लोखंड पुरे होतं. म्हणजे चुंबकासमोर नमुना ठेवला की आधी बोलते ती भेसळ. मूलद्रव्याची पाळी नंतर.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मुख्याध्यापिका मॅडमकडे अर्ज दिला. त्यांनी वाचला, हसल्या आणि म्हणाल्या, "करा, पण वेतनेतर अनुदानातून करायचं तर तीन कोटेशनं लागतील." इथे पहिली अडचण आली. नागपूरचे शालेय साहित्याचे पुरवठादार बीकर, परीक्षानळ्या, पट्टीचुंबक यांचे दर आनंदाने देतात. पण एक सेंटिमीटर बाजूचा शुद्ध टायटॅनियमचा ठोकळा म्हटलं की फोनवर शांतता. एकाने विचारलं, "कायले पाहिजे सर येवढं? दागिने बनवता का?" आमच्या लिपिक भाऊंनी यातून वाट काढली आणि ती सगळ्यांना उपयोगी आहे: ज्याच्याकडे माल नाही त्याच्याकडून लेटरहेडवर "सदर साहित्य पुरवू शकत नाही" असं लिहून घ्यायचं. आमच्याकडे ते पत्र फाईलला चाललं. तुमच्याकडे चालतं का ते आधी विचारून घ्या, नाहीतर तीन दर जुळवता जुळवता सत्र संपेल.

अर्ज, तुलनात्मक तक्ता, खरेदी समितीची सही, संस्थेच्या सचिवांची सही असं करत पोळ्याच्या आठवड्यात कार्यादेश निघाला. मंजुरी ९,५०० रुपयांची. त्यात दोन निओडायमियम चुंबक (२० मिलिमीटर व्यासाचे, १० जाडीचे, एकाचे ३८० रुपये), सराफ वापरतात तसला ५० ग्रॅमचा खिशातला काटा जो एक मिलिग्रॅमपर्यंत दाखवतो (१,१५० रुपये), प्लास्टिकचे चिमटे, हातमोजे आणि बाकी धातू. काटा घेताना ०.०१ ग्रॅमचा घेऊ नका. बिस्मथ त्याच्यावर कसंबसं दिसेल, तांबं अजिबात नाही.

चुंबकांना यायला वेळ लागला. जोरदार चुंबक विमानाने पाठवण्यावर बंधनं आहेत, त्यामुळे पार्सल रस्त्याने येतं. आल्यावर पोरांना पहिला नियम सांगितला: दोन चुंबक एका वेळी बाहेर काढायचे नाहीत. मध्ये बोट सापडलं तर काळंनिळं होतं, आणि एकमेकांवर आपटले तर टवके उडतात. ज्यांना पेसमेकर आहे त्यांनी खोलीत यायचं नाही अशी पाटीही दारावर लावली.

धातू जमवणं हा खरा मजेचा भाग. एक सेंटिमीटरचे ठोकळे ऑनलाइन मिळतात: तांबं, अ‍ॅल्युमिनियम, जस्त, शिसं, टायटॅनियम. सगळे एकाच आकाराचे असल्यामुळे आकड्यांची तुलना करता येते. बिस्मथची शंभर ग्रॅमची लगडी घेतली. ते २७१ अंशांनाच वितळतं, म्हणून स्टीलच्या छोट्या वाटीत वितळवून मातीच्या साच्यात ओतलं आणि थंड झाल्यावर घासून ठोकळा केला. मॅग्नेशियमची फीत प्रयोगशाळेत होतीच. गंधक किराणा दुकानातून. कार्बनसाठी जुन्या सेलमधली कांडी. पेन्सिलीचं शिसं वापरू नका, त्यात चिकणमाती असते आणि मातीत लोह. चांदीचं ९९९ चं नाणं नागपूरच्या इतवारीतल्या सराफाकडून. सोन्यासाठी मॅडमनी स्वतःचं चोवीस कॅरेटचं नाणं तासाभरासाठी दिलं आणि तो तासभर समोर बसून राहिल्या.

निकेलची युक्ती फार आवडली. १९६४ साली निघालेलं नेहरूंच्या चेहऱ्याचं एक रुपयाचं नाणं शुद्ध निकेलचं आहे. जुनी नाणी विकणाऱ्याकडे ते फार महाग पडत नाही, आणि चुंबकाला टप्पकन चिकटतं. पुढच्या काळातला तांबं-निकेलचा रुपया मात्र चिकटत नाही, जरी त्यात पंचवीस टक्के निकेल असलं तरी. आणि अलीकडची स्टेनलेस स्टीलची नाणी पुन्हा चिकटतात. पोरांनी घरातले डबे उपसून नाणी आणली. एक अख्खा शनिवार त्यातच गेला आणि मला तो वाया गेला असं वाटत नाही.

टंगस्टनचा किस्सा सांगायलाच हवा. "९९.९५ टक्के शुद्ध" म्हणून मागवलेला ठोकळा चुंबकाला सरळ चिकटला. शुद्ध टंगस्टन असं करत नाही, ते अगदी थोडं ओढलं जातं. काट्यावर ठेवला तर १७.४ ग्रॅम. एक घनसेंटिमीटर शुद्ध टंगस्टन १९.३ ग्रॅम भरायला हवं. म्हणजे हा निकेल आणि लोखंड मिसळलेला मिश्रधातू होता. तो कापायला आणि घडवायला सोपा असतो, म्हणून बाजारात भरपूर फिरतो. विक्रेत्याला घनतेचा हिशोब आणि फोटो पाठवला, तेव्हा खळखळ करत पैसे परत आले. तेव्हापासून आमचा नियम असा: ठोकळा आला की आधी मोजपट्टी आणि काटा, मग चुंबक. शेवटी टंगस्टनसाठी वेल्डिंगच्या दुकानातून हिरव्या टोकाची इलेक्ट्रोड कांडी आणली. हिरवं टोक म्हणजे शुद्ध टंगस्टन. लाल टोकाची घेऊ नका, तिच्यात थोरियम असतं.

मोजायची पद्धत सांगतो. काट्याच्या पारड्यावर थर्माकोलचा बारा-पंधरा सेंटिमीटर उंच ठोकळा, त्यावर चुंबक. थर्माकोल अशासाठी की चुंबक काट्याच्या आतल्या लोखंडी भागांपासून लांब राहावा, नाहीतर आकडा नुसता भटकतो. चुंबकाच्या वर साधारण तीन मिलिमीटर अंतर सोडून अ‍ॅक्रिलिकचा एक पूल. तो काट्याला कुठेही टेकत नाही, त्याचे पाय टेबलावर. अ‍ॅक्रिलिकचा तुकडा पाट्या बनवणाऱ्याच्या दुकानात फुकट मिळाला. काच घेऊ नका, काचेतही लोह असतं. काटा शून्यावर आणायचा आणि नमुना पुलावर ठेवायचा. नमुना ओढला जाणारा असेल तर तो चुंबकालाही वर ओढतो, म्हणून काट्यावर वजन कमी होतं. ढकलला जाणारा असेल तर चुंबक खाली दाबला जातो आणि वजन वाढतं. म्हणजे काट्यावरचं चिन्ह उलटं वाचायचं. पोरांना हे पचायला दोन तास लागले, पण पचल्यावर तेच एकमेकांना समजावू लागले.

याच तत्त्वावरचा गुय बॅलन्स नावाचा तराजू एम.एस्सी. केमिस्ट्री केलेल्यांना आठवत असेल. आणि रसायनशास्त्रज्ञ शांतिस्वरूप भटनागर यांनी के. एन. माथुर यांच्यासोबत १९२८ मध्ये असाच एक अतिसंवेदनशील तराजू तयार केला होता, तोही लाहोरला बसून. आमचा थर्माकोलचा मनोरा त्यांच्यापुढे काहीच नाही, पण पोरांना हे सांगितल्यावर मनोऱ्याचा मान वाढला.

सप्टेंबर-ऑक्टोबरचे शनिवार मोजणीत गेले. पंखा बंद, खिडक्या बंद, कारण वाऱ्याच्या झुळकेनेही आकडा हलतो. विदर्भातल्या ऑक्टोबर हीटमध्ये बंद खोलीत वीस पोरं म्हणजे काय ते इकडच्यांना सांगायला नको. घड्याळं, पट्ट्यांचे बक्कल, मुलींच्या केसांतल्या पिना बाहेर काढून ठेवायच्या. बिस्मथ ठेवलं आणि काट्यावर ०.०६५ ग्रॅम, म्हणजे पासष्ट मिलिग्रॅम चढले तेव्हा आरडाओरडा झाला. तांब्याला चारच मिलिग्रॅम. ते दिसायला नमुना ठेवून हात पूर्ण मागे घ्यावा लागतो आणि श्वास रोखून थांबावं लागतं. तांबं किंवा अ‍ॅल्युमिनियम झपकन खाली आणलं तर आकडा भलतीकडेच उडतो. धातू चुंबकाजवळ हलत असताना त्यात विजेचे भोवरी प्रवाह तयार होतात, त्यांचा तो धक्का. काही क्षण थांबलं की तो ओसरतो आणि उरतो तो खरा प्रतिसाद. यूट्यूबवर "तांबं चुंबकाला दूर ढकलतं" म्हणून जे दाखवतात ते बहुतेक हे भोवरी प्रवाहच असतात.

अ‍ॅल्युमिनियम आठ मिलिग्रॅमने ओढलं गेलं, टायटॅनियम सत्तरच्या घरात. जस्त आणि शिसं सहा-सातने ढकलले गेले. चांदी, सोनं, गंधक, कार्बन हे सगळे ढकलले जाणारेच. गंधकाची पूड औषधाच्या रिकाम्या कॅप्सूलमध्ये भरली आणि रिकाम्या कॅप्सूलचा आकडा वजा केला. पारा, आर्सेनिक, सोडियम यांच्या वाटेला गेलो नाही. शाळेत त्यांची गरजही नाही.

नमुने साफ करणं हे वेगळंच खातं. तांब्याचा ठोकळा पहिल्यांदा चक्क ओढला गेला. तो कापताना लोखंडी पात्याचे कण चिकटून राहिले होते. पातळ हायड्रोक्लोरिक आम्लात दहा मिनिटं ठेवून धुतल्यावर चिन्ह पालटलं. पण हे तांब्यालाच चालतं. जस्त, अ‍ॅल्युमिनियम, मॅग्नेशियम आम्लात विरघळायला लागतात, त्यांना नव्या कोऱ्या सिलिकॉन कार्बाइडच्या पॉलिश पेपरने हलकं घासायचं. जुना एमरी पेपर नको, नैसर्गिक एमरीमध्ये मॅग्नेटाइट असतं आणि तेच नमुन्यावर बसतं. चिमटा प्लास्टिकचाच. शिसं हाताळलं की हात साबणाने धुवायचे.

नोव्हेंबर विधानसभा निवडणुकीत गेला. प्रशिक्षण, २० तारखेचं मतदान, साहित्य जमा करणं. त्या धावपळीतच मोबाइलवरून गॅडोलिनियमची ऑर्डर टाकली, पाच ग्रॅमचा एक तुकडा. हे स्वतःच्या खिशातून, कारण परदेशी कार्ड पेमेंटचं व्हाउचर शाळेत कोण पास करणार? धातू आणि टपाल मिळून २,८०० रुपये. कुरिअरने भारतात आल्यावर केवायसी मागितलं: आधारची प्रत, सही केलेला फॉर्म. ते दिलं. मग फोन आला की वस्तू काय आहे, किरणोत्सर्गी आहे का, कशासाठी हवी आहे. शाळेच्या लेटरहेडवर "शैक्षणिक प्रयोगासाठी, किरणोत्सर्गी नाही, विक्रीसाठी नाही" असं लिहून विक्रेत्याचं सुरक्षा माहितीपत्रक जोडलं. यात दोन आठवडे गेले. ड्युटी, कर आणि कुरिअरचं हाताळणी शुल्क मिळून आणखी १,४०० च्या वर. ऑर्डर देतानाच माहितीपत्रक डाउनलोड करून ठेवा आणि पार्सलवरचं नाव आधारवरच्या नावाशी तंतोतंत जुळतंय का ते पाहा. माझं जुळत होतं म्हणून एवढ्यावर भागलं. एका सहकाऱ्याचं मधलं नाव नसल्याने त्यांचं पार्सल परत गेलं होतं.

गॅडोलिनियमसाठी एवढा खटाटोप का, तर खोलीच्या तापमानाच्या आसपास लोखंडासारखं वागणारं हे चौथं मूलद्रव्य. लोखंड आपलं चुंबकत्व ७७० अंशांना सोडतं, निकेल ३५८ च्या आसपास. गॅडोलिनियम साधारण २० अंशांना. म्हणजे आमच्याकडे डिसेंबरच्या सकाळी ते लोखंडाच्या पंगतीत असतं आणि उन्हाळ्यात त्या पंगतीतून उठतं. यासाठी भट्टी लागत नाही, विदर्भ पुरतो.

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, सकाळी साडेसातला, खोलीतला थर्मामीटर १५ अंश दाखवत होता. तुकडा चुंबकापासून पाच सेंटिमीटर वर ठेवला तर काट्यावरून दोनशे चाळीसच्या आसपास मिलिग्रॅम कमी झाले. जवळ ठेवायची सोयच नव्हती, चुंबक उडी मारून पुलाला चिकटला असता. मग बर्फाच्या पाण्यात बुडवून साध्या काळ्या फेराइट चुंबकाने प्लास्टिकच्या पेल्याबाहेरून धरलं तर टांगून राहिलं. तेच गरम पाण्यात सुटून तळाला बसलं. निओडायमियम चुंबक वापरला तर गरम पाण्यातही सहजी सुटत नाही, इतकी ओढ शिल्लक असते. म्हणून प्रात्यक्षिकाला कमजोर चुंबकच बरा. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात हा पेला ठेवला. परीक्षकांनी पेल्यात बोट घालून पाणी खरंच गार आहे का ते पाहिलं.

डिस्प्रोसियमही दाखवता आलं असतं, पण ते लोखंडासारखं वागायला उणे १८८ अंशांच्या खाली जावं लागतं. द्रव नायट्रोजन आमच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात असतो, गाईंच्या रेतमात्रा ठेवायला. तो पोरांच्या गंमतीसाठी मागणं मला प्रशस्त वाटलं नाही.

जानेवारी-फेब्रुवारी बोर्डाच्या परीक्षांच्या तयारीत गेले. मार्चअखेर लेखापरीक्षणाआधी एक नवाच प्रश्न निघाला. धातूचे ठोकळे खर्च होणारं साहित्य की जडवस्तू? खर्च होणारं म्हटलं तर "संपले कसे दाखवणार?" आणि जडवस्तू म्हटलं तर प्रत्येक तुकड्याला क्रमांक. लिपिक भाऊंनी शेवटी जडवस्तू संग्रह नोंदवहीत एकच ओळ टाकली, "मूलद्रव्य नमुना संच, १ नग", आणि यादी सोबत जोडली. गॅडोलिनियम देणगी म्हणून वेगळं नोंदवलं. असं एका नगात बसवा, सोयीचं पडतं.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात, दुपारी दोनला, खोलीतला पारा ३९ वर होता. तीच मांडणी, तेच पाच सेंटिमीटर, तोच तुकडा. डिसेंबरला दोनशे चाळीस होते तिथे आता तीस-पस्तीस मिलिग्रॅम. परीक्षा आटोपलेली असूनही सात-आठ पोरं आली होती. एकाने तुकडा रुमालात गुंडाळून माठावर ठेवला, थोड्या वेळाने पुन्हा मोजला, आणि आकडा वर गेलेला पाहून सगळ्यांना दाखवला. ते मी सांगितलेलं नव्हतं.

एकूण खर्च शाळेचा ८,९०० च्या आत आणि माझा सव्वाचार हजारांच्या आसपास. ज्यांच्याकडे एवढे नाहीत त्यांनी काटा, एक चुंबक, बिस्मथ, तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम एवढंच घ्यावं, दोन-अडीच हजारांत काम होतं. चुंबक ठेवताना दोघांमध्ये लाकडाची फळी ठेवा आणि डब्यावर नाव लिहा. आमच्याकडे सफाईच्या मावशींनी तो डबा लोखंडी कपाटात ठेवला होता, तो काढायला दोघं लागले.